धाकटीच्या हाका

(दुपार. पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्याची खोली. मध्ये जाड काच. काचेच्या आत माइकसमोर वाचणारी. बाहेर यंत्रापाशी काका. दोघं कानाला हेडफोन लावून बोलतात; आतलं बोलणं बाहेरच्या स्पीकरवरही ऐकू येतं.)

काका : पाणी प्यालीस ना? चल, नववं प्रकरण. सुरुवातीपासून घे.

वाचणारी : काका, एक विचारू? लेखक मंडळींचं आईबापांशी काय वाकडं आहे हो?

काका : विषय बदलू नकोस.

वाचणारी : नाही, खरंच. आपण लागोपाठ वाचलेली पुस्तकं आठवा. ते ड्रॅगनवालं, मग आरशातून पलीकडे जाणारीचं, मग राजवाड्यातल्या दासीचं. सगळ्यांत आईबाप पहिल्याच प्रकरणात खलास! एक तापाने, एक तलवारीने, एक नुसतेच 'दिसेनासे झाले'.

काका : अगं, आईबाप जिवंत ठेवले तर पोरगी दिवेलागणीला घरात. मग ड्रॅगनशी लढायचं कुणी?

वाचणारी : हे मात्र लाखमोलाचं बोललात. आणि ती ड्रॅगनवाली अख्ख्या पुस्तकात जेवत नाही. तीन राज्यं पालथी घातली, पण पोटाला दोन घास नाहीत. वय सोळा, पाठीवर तिच्याएवढी तलवार. मी त्या वयात दप्तराने वाकले होते.

काका : एवढी नावं ठेवतेस, पण शेवटाला तुझाच आवाज भरून आला होता. परत घ्यावं लागलं.

वाचणारी : मग? नावं ठेवली म्हणजे आवडलं नाही असं थोडंच आहे? त्या ड्रॅगनचा एकटेपणा काय झकास लिहिलाय! फक्त नावं तेवढी उच्चारता येतील अशी ठेवा म्हणावं. त्या राणीचं नाव घेताना जीभ चावली मी. आणि सुरुवातीला तो नकाशा. नकाशा काय डोंबल वाचायचा मोठ्याने?

काका : आरशाचं तर गोड होतं.

वाचणारी : तेच नाही पटलं. मेलेला भाऊ आरशातून परत येतो आणि पहिलं वाक्य काय, तर 'मी तुला क्षमा केली.' इतक्या लांबून आलेल्या माणसाला दुसरा काही उद्योग नाही? तो आधी विचारेल, माझी सायकल कुणी घेतली. जिवंतांना जे ऐकायचं असतं ते मेलेल्यांकडून वदवून घेतात ही मंडळी. फुकटची वेठबिगार.

काका : दासीचं तरी बरं होतं का, की तेही निकालात?

वाचणारी : अर्धं. दोनशे वर्षांपूर्वीची पोर, आणि बोलते कशी, तर परवाच वक्तृत्वाचं बक्षीस घेतल्यासारखी. 'मला माझा अवकाश हवा!' काका, दिवसभर भांडी घासणाऱ्या पोरीला अवकाश नको असतो, झोप हवी असते. पण राखेने तिची बोटं फुटतात ते पान वाचताना माझे हात चुरचुरले. तेवढ्यावर बाकीचं माफ.

काका : झाली सगळ्यांची हजेरी? आता नववं. काल तीनदा थांबलीस. तुझं असं कधी होत नाही.

वाचणारी : हे प्रकरण खोटं आहे, काका.

काका : कादंबरी आहे ती. खोटीच असायची.

वाचणारी : तसं नाही. ड्रॅगन खोटा नव्हता. हे खोटं आहे. बाकीचं पुस्तक इतकं सच्चं आहे! पूर येतो, थोरली बहीण आपल्या तोंडून सगळं सांगते, ते गाव सोडणं, ते छपरावर बसलेले म्हातारे. अगदी समोर दिसतं. मग होड्या येतात. थोरलीला एका होडीत घालतात, धाकटीला दुसरीत, आणि धाकटीची होडी उलटते. इथपर्यंत ठीक. पण ती तीन वर्षांची पोर चार पानं 'ताई, ताई' अशा हाका मारते. बुडेपर्यंत. असं नसतं.

काका : तुला काय ठाऊक कसं असतं?

वाचणारी : आहे ठाऊक.

काका : मग माझंही ऐक. कालचं तुझं वाचन मी परत लावून पाहिलं. त्यात 'ताई' म्हणणारा आवाज तुझा नाही. तुझे पोरांचे आवाज मी ओळखतो, ते तू काढतेस. हा काढलेला नव्हता.

वाचणारी : पुसून टाका ते.

काका : पुसलं नाही. लेखिकाबाईंना फोन केला. म्हटलं, आमची वाचणारी अडली आहे, तुम्हीच या.

वाचणारी : काका! अहो, काय हे! आता मी त्यांना काय तोंड दाखवू?

काका : हेच दाखव. त्या आल्यात. मघापासून दारात उभ्या आहेत.

लेखिका : झोपेचं ऐकलं मी. भांडी घासणाऱ्या पोरीला झोप हवी असते. अगदी बरोबर आहे. ते पुस्तक माझं नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

वाचणारी : मॅडम, मी उगीच आपलं... काकांशी गप्पा मारत होते.

लेखिका : काचेच्या आत येऊ का? इथून बोलायचं म्हणजे दवाखान्यात कुणाला भेटायला आल्यासारखं वाटतं.

काका : या ना. तो स्टूल घ्या, दुसरा हेडफोन लावा. फक्त बांगड्यांचा आवाज सांभाळा, माइक फार तिखट कानाचा आहे.

लेखिका : हां. आता बोला. माझ्या या पुस्तकावर बरंच लिहून आलं. किशोरांसाठीची ऐतिहासिक कादंबरी म्हणतात तिला. आमच्या लहानपणाचाही इतिहास झाला म्हणायचा! सगळ्यांनी लिहिलं, नववं प्रकरण काळजाला घरं पाडतं. खोटं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या.

वाचणारी : घरं पाडतंच. पण ती पाडायची असं ठरवून लिहिल्यासारखं वाटतं. राग मानू नका.

लेखिका : राग नाही. ठरवून मात्र नाही लिहिलं. ऐकून लिहिलं.

वाचणारी : कुणाकडून?

लेखिका : कुणाकडून नाही. ऐकू येतं म्हणून.

काका : बाई, म्हणजे ती धाकटी...

लेखिका : माझी बहीण. मी दहा वर्षांची होते. मला पुढच्या होडीत बसवलं, तिला मागच्या. कुणाची चूक नव्हती, जागाच तेवढी होती. आमची होडी काठाला लागली. तिची आली नाही. उलटली म्हणावं तर कुणी पाहिलं नाही. कुणी म्हणे, पार खालच्या अंगाला लागली. आई शेवटपर्यंत शोधत होती. अनोळखी गावात गेली तरी आधी पोरींचे चेहरे बघायची.

वाचणारी : आणि हाका?

लेखिका : पाणी जोरात पडलं की येतात. मी घरात नळ पूर्ण सोडत नाही. बारीक धार लावून बादली भरते. सुरुवातीला नवरा थट्टा करायचा. एकदा मी स्वयंपाकघरात असताना त्याने नळ मोठा सोडला आणि माझा चेहरा पाहिला. तेव्हापासून तोही बारीक धार लावतो.

वाचणारी : मग पुस्तकात तिला बुडवलंत...

लेखिका : वाटलं, एकदाची बुडाली की गप्प होईल.

वाचणारी : झाली?

लेखिका : छे. आता सगळ्यांनाच ऐकू येते. शाळांमधून बोलावतात, ते प्रकरण वाचायला सांगतात. मुली रडायला लागतात, आणि त्या रडण्यातही मला तीच. काका, ते कालचं लावा. मला ऐकायचंय.

वाचणारी : नका हो लावू.

लेखिका : लावा.

काका : बघा, हौसेने लावत नाही मी. हं, सुरू केलं. हे तिचं नेहमीचं वाचन... होड्या... माणसं... आता येईल. ('ताई' अशी हाक ऐकू येते. लेखिका स्टुलावरून उठते.) बाई? अहो, बसा. बंद केलं, बंद केलं. पाणी घ्या.

लेखिका : ती शेवटचा स्वर असाच लांबवायची. वर न्यायची, प्रश्न विचारल्यासारखा. हे मी पुस्तकात लिहिलेलं नाही. तुला कुणी सांगितलं?

वाचणारी : कुणी नाही. मी तसं वाचलं हेही मला आत्ता कळतंय.

लेखिका : वय काय गं तुझं?

वाचणारी : मॅडम, तुमच्या मनात जे आलंय ते नाही. तुमच्या पुराचं साल पुस्तकात आहे. तेव्हा माझा जन्मही नव्हता.

लेखिका : कळतं गं. मला कळतं. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. आईची सवय लागली.

वाचणारी : मी ती नाही. पण मी सापडलेली आहे.

काका : सापडलेली म्हणजे?

वाचणारी : तुम्हालाही कधी बोलले नाही, काका. आमच्याकडेही पाणी आलं होतं. नदी दुसरी, साल दुसरं. होडीतून कुणीतरी शाळेच्या गच्चीवर आणून सोडलेली, मी एकटीच सापडले. तिथे आलेल्या नर्सने मला घरी नेलं, तीच माझी आई. माझे दात बघून तिने वय ठरवलं, तीन. म्हणून म्हणते, हे प्रकरण खोटं आहे. तुम्ही काठावरच्या. मी होडीतली.

लेखिका : सांग मग.

वाचणारी : काय सांगू?

लेखिका : होडीतलं. इतकी वर्षं हे विचारायला मला कुणी भेटलंच नाही. ती घाबरली असेल का?

वाचणारी : तुमच्या धाकटीचं मी कसं सांगू? माझं सांगते. आणि त्यातलं माझं किती, आईने सांगितलेलं किती, देव जाणे.

लेखिका : चालेल. कसंही चालेल.

वाचणारी : उजेड होता खूप. पाण्यावर ऊन पडून डोळे दिपत होते. मी कुणाच्या तरी कडेवर होते. त्याच्या शर्टाला रॉकेलचा वास येत होता आणि त्याचं बटण मी तोंडात धरलं होतं. तेवढ्यात एक लाकडी पेटी वाहत आली, आणि तिच्यावर कोंबडी. अशी ऐटीत बसलेली, जणू पेटी तिच्याच बापाची. मी हसले. आई म्हणते, मला नाव विचारलं तर मी म्हणायची, 'कोंबडी बसली.' आईचं नाव काय? 'कोंबडी बसली.' घरात मला अजून कोंबडीच म्हणतात.

काका : म्हणून तुझ्या आईने त्या दिवशी फोनवर विचारलं होय, 'आमची कोंबडी आहे का तिथे?' मला वाटलं, राँग नंबर.

लेखिका : आणि हाक? एकदाही मारली नाहीस?

वाचणारी : मारली असेन. नाही कशी म्हणू? पण मला आठवतं ते बटण. कुणी घट्ट धरलं की तेवढ्यापुरतं लहान मूल त्या खांद्याचं होतं. मी तरी झाले.

लेखिका : मागे राहिलेलं कुणीच आठवत नाही?

वाचणारी : चेहरा नाही. पण झोपेत कधीतरी कुणीतरी माझी वेणी घालतं. करकचून. वर डोक्यात टपली आणि 'हलू नको म्हटलं ना!' आमच्या आईला वेणी घालता येतच नाही, तिने माझे केस कायम बारीक ठेवले. मग ही कोण? मला भीती नाही वाटत तिची. उलट ती यावी म्हणून मी कधी कधी केस मोकळे सोडून झोपते.

लेखिका : येते?

वाचणारी : तिच्या मर्जीने येते. टपली मात्र चुकत नाही.

काका : बाई, दहा मिनिटं थांबू या का? आज नाही झालं तर नाही झालं. उद्या घेऊ.

लेखिका : तिलाही कडेवर घेतलं होतं.

वाचणारी : कुणी?

लेखिका : एका उंच माणसाने. पांढरा सदरा. मी आमच्या होडीतून बघत होते. त्याने तिला उचललं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं, ऊन लागू नये म्हणून. पहिल्या खर्ड्यात तो होता. संपादक म्हणाले, हा माणूस पुढे काहीच करत नाही, मग कशाला हवा? मलाही पटलं. काढला.

वाचणारी : काहीच करत नाही? अहो, तो तिला उचलून घेतो की!

लेखिका : हो गं. घेतो.

वाचणारी : मग ती एकटी कुठे होती? तुम्हीच तिला एकटं केलंत.

काका : ए पोरी, जरा दमाने.

लेखिका : बोलू दे तिला. काका, छापलेलं आता बदलणार नाही. पण इथलं?

काका : इथलं अजून कच्चंच आहे. प्रकाशकांनी हो म्हटलं तर माझी ना नाही.

लेखिका : प्रकाशकांशी मी बोलेन. ती हाकांची चार पानं वाचू नकोस. मी सांगते ते वाच.

वाचणारी : होडी उलटवायची का?

लेखिका : उलटली हे मला कुठे माहीत आहे?

वाचणारी : सांगा मग. मी ऐकते आणि वाचते.

काका : थांबा. बाई, तुम्ही सांगून बाहेर या, माझ्या शेजारी बसा. (लेखिका वाचणारीला मजकूर सांगून बाहेर येते.) हं. दार नीट लावा. पोरी, लाल दिवा लागला की सुरू कर.

वाचणारी : 'धाकटीला एका उंच माणसाने कडेवर घेतलं. त्याचा सदरा पांढरा होता. त्याने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ठेवलं. मी हात हलवला, पण तिचं तोंड पलीकडे होतं. मग त्यांची होडी वळली, आणि पुढचं मला दिसलं नाही.'

काका : आलं. स्वच्छ आलं. बाई, खबरदारी म्हणून अजून एकदा घेऊन ठेवू?

लेखिका : नको. जाऊ द्या तिला.