खालचा मजला पाण्याचा

नातवंडांनो, आपल्याकडचे ब्लाउज वर्षानुवर्षं शिवणाऱ्या सुमनताईंचं घर इथे उज्जैनला शिप्रेच्या काठी उंच खांबांवर उभं आहे. ते असं का, हे तुम्ही फोटो पाहून मला विचारलंत, आणि मी सरळ त्यांनाच विचारलं. त्या बोलल्या तसं लिहून पाठवते आहे.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. वडील रेल्वेत पॉइंट्समन, त्यांची बदली उज्जैनला झाली आणि आम्ही इथलेच झालो. आता भुसावळला गेलं तर तिकडची माणसं हसतात, म्हणतात ही सुमन अर्धी हिंदी बोलते. बोलते तर बोलते, बाई, इथे जन्म काढला, इथली भाषा तोंडात बसणारच. आईने मला शिवण शिकवलं, आणि लग्नात आहेर म्हणून बाकी काही नाही पण शिलाईची मशीन दिली, तीच ही. पायाची होती, मोटर नंतर बसवली.

हे बसवर कंडक्टर. देवास गेटच्या मागे दोन खोल्या भाड्याच्या, त्यात आम्ही दोघं, सासूबाई आणि नंतर नितीन. मालकीण खाली राहायची. मी मशीन सुरू केली की खालून ओरडायची, अरी सुमन, बंद कर, सिर फटता है. मी बंद करायची, ती झोपली की परत सुरू करायची. तेव्हापासून माझ्या मनात एकच, आपलं घर हवं, लहान असो, पण आपण वाटेल तेव्हा मशीन चालवू आणि कोणी ओरडणार नाही.

दोन सिंहस्थांपूर्वीची गोष्ट. तुम्ही पाहिलाच आहे सिंहस्थ, वैशाखात सगळ्या जगाचे साधू येतात, नदीपलीकडे तंबूंचं शहर उभं राहतं. एका संध्याकाळी आम्ही राम घाटावर दिवे सोडून पलीकडे फिरायला गेलो. काय सांगू तुम्हाला, सपाट, कोरडी, स्वच्छ जमीन, सरळ रस्ते आखलेले, नळ, दिवे, नदीचा गार वारा. हे म्हणाले, सुमन, इथे घर असतं तर. मी म्हटलं, हो ना, किती छान. मेळा उठला आणि तिथेच प्लॉट विकायला निघाले. दलाल म्हणाला, बाबूजी, जिस जमीन पे संतों ने वास किया, वो जमीन ली समझो पुण्य लिया. आम्ही घेतला. आम्हीच नाही, सगळ्या गल्लीने असाच घेतला, मेळ्यात पाहून, वैशाखात पाहून. मुलगी बघायला गेल्यावर तिचा नुसता लग्नाच्या शालूतला फोटो बघून यावं, तसं झालं. आणि संत केव्हाच तंबू गुंडाळून निघून गेले होते, ते कोणी बघितलं नाही.

थंडीत घर बांधलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे बसायला ओटला. मी दिवसभर मशीन चालवायची, कोणी ओरडायचं नाही. आणि पहिल्याच श्रावणात नदी घरात आली. धावत नाही आली हो, सावकाश आली, दारातून पाहुणी येते तशी. आम्ही मशीन टेबलावर चढवली, सासूबाईंना पलंगावर बसवलं, त्यांनी देव मांडीत घेतले. पाणी पलंगाच्या फळीला लागलं तेव्हा म्हणाल्या, सुमन, देवांना पोहता येतं की नाही कोण जाणे, मला तर येत नाही. आम्ही रडत होतो ते हसलो. मग शेजारच्या मुलांनी पाठुंगळी घेऊन त्यांना रस्त्यावर नेलं.

पाणी उतरलं आणि गाळ राहिला. तो वास, बाई, फिनाइल घाला, शेण घाला, जात नाही. हे दलालाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, घबराते क्यों हो, अगले बैसाख में बेच देना, कोई और ले लेगा. ह्यांना ते पटलं. घरी येऊन म्हणाले, विकून टाकू, परत भाड्याने राहू. मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखीच कोणीतरी बाई वैशाखात येणार, किती छान म्हणणार, आणि श्रावणात तिची सासू पलंगावर देव घेऊन बसणार. मला नाही जमायचं. हे म्हणाले, मग काय नदीला समजावतेस? मी म्हटलं, नाही, तिला तिची जागा देऊ, आपण वर राहू.

असं हे घर उभं राहिलं. मी शिवत राहिले, हे डबल ड्यूटी करत राहिले, आणि जुनं पाडून हळूहळू खांब उभे केले, त्यांच्यावर खोल्या, खाली सगळं मोकळं. गल्ली बघायला यायची. समोरची गीता भाभी तर रोज विचारायची, काकीजी, मकान बना रही हो के मचान? चिड़िया उड़ानी है क्या? मी हसायची. पण सासूबाई हसत नव्हत्या. त्यांचं म्हणणं वेगळंच. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, दारापासून पावलं काढून त्यांना घरात आणायचं असतं. त्या म्हणाल्या, जमिनीवरून उंबरा ओलांडून यायची रीत आहे, देवी काय जिने चढत येईल? आणि सणाच्या सकाळी बघते तर स्वतः रांगोळीची वाटी घेऊन सर्वात खालच्या पायरीवर बसलेल्या, प्रत्येक पायरीवर एक पाऊल काढत, गुडघ्यावर हात ठेवत वर येतायत. वर पोचल्या आणि म्हणाल्या, मी चढले, ती काय माझ्यापेक्षा म्हातारी आहे?

मग तो मोठा पूर आला. राम घाटावरच्या देवळांचे नुसते कळस दिसत होते, तो पूर. नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. मी सकाळी पुरण वाटत होते, खाली बघितलं तर खांबांमधून पाणी. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी घरं खिडक्यांपर्यंत बुडाली, आणि एकेक कुटुंब आमच्या जिन्याने वर यायला लागलं. गीता भाभी कमरेएवढ्या पाण्यातून, डोक्यावर गोधडीत गुंडाळलेला टीव्ही घेऊन आली. मी वरून ओरडले, आओ भाभी, आओ, मचान पे आओ. ती पाण्यात उभी राहून इतकी हसली की टीव्ही पडायचा राहिला.

आता एवढ्या माणसांना पुरणपोळी कशी पुरणार? सासूबाईंना विचारलं, आधी सवाष्णी बसवायच्या ना? त्या म्हणाल्या, आज जी भिजून आली ती सवाष्ण, जो भिजून आला तोही. आम्ही नैवेद्य दाखवला, आणि सोळा भाज्या चिरलेल्या होत्या त्या सगळ्या मोठ्या पातेल्यात डाळ-तांदळात टाकल्या, खिचडी केली. पाणी उतरेपर्यंत सगळे इथेच, गच्चीवर, खोल्यांत, माझ्या मशीनखाली दोन पोरं झोपलेली. त्या वर्षापासून गल्ली सणाला विचारते, काकीजी, महालक्ष्मी वाली खिचड़ी कब है? करावीच लागते. पुरणपोळीला कोणी विचारत नाही.

सासूबाई आता नाहीत. हे रिटायर झाले, खाली खांबांमध्ये झोपाळा बांधलाय, त्यावर बसून पेपर वाचतात. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, बायका पापड वाळवतात, उन्हाळ्यात सगळी गल्ली तिथे. आणि नितीनचं त्या जागेवरच मन गेलं. तो नानाखेड्याला मोबाइलच्या दुकानात नोकरी करतो, त्याला स्वतःचं दुकान हवंय, त्याचंही बरोबरच आहे. म्हणाला, आई, सिंहस्थ येतोय, खाली पक्क्या खोल्या काढू, यात्रेकरूंना भाड्याने देऊ, त्या पैशातून माझं दुकान उभं राहील. तू मशीनसाठी एवढं केलंस, मी दुकानासाठी करू नको?

त्याने मिस्त्री आणला, वैशाखात बरं का, चुन्याने जमिनीवर खोल्यांच्या रेघा मारल्या. मला रात्री जेवण गेलं नाही. भिंती घातल्या की पाणी अडणार, खोल्यांत झोपलेल्यांच्या अंगावर जाणार, आणि जिन्याची वाट बंद. पण पोराला नाही म्हटलं तर ते आयुष्यभर लागेल. मी म्हटलं, काढ खोल्या, पण काम सुरू करायच्या आधी मिस्त्रीला श्रावणात एकदा माप घ्यायला बोलव. एवढंच.

यंदाच्या श्रावणात तो आला. म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत आला, तिथून फोन केला, नितीन भैया, आज नाप नहीं होगा, चप्पल तैर रही है. नितीन कठड्याला टेकून खाली बघत राहिला. खांबांमध्ये पाणी शांत उभं, दोन पायऱ्या बुडालेल्या, चुन्याच्या रेघा कुठल्या कुठे. हे मागून म्हणाले, काय रे, तुझे यात्रेकरू कुठल्या खोलीत उतरलेत? तो आधी चिडला, मग हसला. संध्याकाळी स्वतःच म्हणाला, आई, खोल्यांना बांबू आणि तट्ट्याच लावू, चैत्रात बांधू, मृगाच्या आधी सोडू, साधू करतात तसं. दुकान थोडं लहान होईल. मी म्हटलं, लहान दुकानातून मोठं होतं रे, मशीन बघ माझी.

आता महालक्ष्म्या झाल्या. माझे गुडघे चालत नाहीत, पावलं माझी सून काढते, पूजा नाव तिचं. ती म्हणाली, आई, खालची पायरी अजून ओली आहे, पाऊल टिकणार नाही, वरच्या पायरीपासून काढू का? म्हटलं, नाही ग, खालच्या पायरीपासूनच काढ. येणारी माणसं तिथूनच वर येतात. तिने काढलं, थोडं पसरलं, पण दिसत होतं. तुमच्या नातवंडांना सांगा, बाई, तिकडे घर घ्यायला निघतील तेव्हा पावसात बघून घ्या, आणि घेतलं की सुखात राहा. इकडे आलात तर जिना उघडाच आहे, खिचडी मिळेल.