उदक सोडलेलं घर

नाही, नाही, परत सांग प्रीता. सावकाश सांग. इंग्लिशमध्ये सांगितलंस तरी चालेल — चाळीस वर्षं इथल्या हॉटेलांत कांदे चिरले मी, ऐकून कळतं. पण हे काही कळत नाही. भाड्याने दिलेलं ते घर मी इथल्या मराठी मंडळाला दान देतोय, बरोबर? म्हाताऱ्या माणसांना दुपारचं येऊन बसायला, पत्ते खेळायला. एक डॉलर घेत नाहीये. आणि टॅक्सचा फॉर्म भरताना तुझा लॅपटॉप म्हणतो, एकनाथकाका घर विकतायत!

बरं, तिसरा हिस्सा. तिसरा हिस्सा विकतायत. साडेचार लाखांचं घर, त्यावर दीड लाखाचं कर्ज, ते आता मंडळ फेडणार — म्हणजे तेवढे पैसे मलाच मिळाले, असं सरकार धरणार. कुठे मिळाले? हा खिसा बघ माझा. आणि न मिळालेल्या पैशांवर टॅक्स! घर तेव्हा स्वस्तात घेतलं म्हणून आणखी जास्त टॅक्स — आता तोही माझाच गुन्हा. दानाची सूट म्हणे फक्त उरलेल्या दोन हिश्शांवर. ती तरी वापरू कशी? सूट घ्यायला आधी मिळकत लागते ना!

थांबवा म्हणतेस? दानाचा कागद झाला नाही अजून, ते खरं. पण उदक सोडलंय मी, बाळा. ऐंशी पूर्ण झाली तेव्हा सहस्रचंद्रदर्शन केलं ना मुलांनी — दोनशे माणसांसमोर हातावरून पाणी सोडलं मी ताम्हनात, वसुधाचा हात माझ्या हाताला लावलेला. पाणी सोडलं की ती वस्तू आपली राहत नाही. तुमच्या फॉर्मात त्याला रकाना नसेल.

कर्ज? तेव्हा बोललो नाही कर्जाचं. भटजींनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मंडळाच्या शैलेंद्रला मागाहून सांगितलं, तो म्हणाला, काका, कर्जासकट घेतो, काळजी करू नका — हळू बोल, वसुधा आत आहे. तिला माहीत नाही. घर माझ्या एकट्याच्या नावावर, बँकेच्या माणसाने बोट ठेवलं तिथे सही केली. वीरसाठी गं, मुलासाठी. टेक्सासला ट्रेनिंगला गेलाय, असं सांगितलं होतं तिला. दोनदा. कसलं ट्रेनिंग — दारू सोडवायला ठेवला होता. विमावाल्यांनी हात वर केले. मग त्याची ती कोर्टातली भानगड, वकील... आता बरा आहे हं! तीन वर्षं थेंब नाही. दर रविवारी आईला फोन करतो, पोळ्या कशा करायच्या ते विचारतो. — आणि हे मी तुला कशाला सांगत बसलो? तू टॅक्सचं विचारलंस.

भरतो टॅक्स. लागेल तेवढा भरतो, हप्त्याने भरतो. लिही.

काय? तिची पण सही?

नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न... हो, दरवर्षी सही करते की ती. आणि वेगवेगळे भरले तर? बावन्न वर्षांत कधी नाही भरले, आताच का, म्हणून विचारेल. नर्स होती ती. औषधाची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. मी सातवी पास, मला फसवणं सोपं. तिला...

थांब. मिटू नकोस तो लॅपटॉप. राहू दे उघडा.

वसुधा! ए वसुधा, चष्मा घेऊन ये गं जरा. — नाही, चहा नको. तू ये आधी.

प्रीता, तू नीघ आता, बाळा. हो, आत्ताच. दार ओढून घे.