कॅमेऱ्याकडे तोंड

पूर्वी कोलकात्याच्या बेहाल्यात आमची बरीच मराठी घरं होती. आता मराठी कानावर पडलं की मी आपोआप वळून बघते. दवाखान्यात शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला आत ड्रेसिंगला नेलं होतं.

“ताई, कुशीवरच्या जखमेत हाड दिसतंय गं. सांभाळायला ठेवलेली एजन्सीची बाई करत काय होती?”

“तू पुण्याहून रोज कॅमेऱ्यात बघायचास ना?”

“आई शांत पडलेली दिसायची. प्रशिक्षित म्हणवतात आणि कूस बदलायची एवढंही कळत नाही?”

“बदलायची रे. तूच तिला फोनवर ओरडलास, आईची पाठच दिसते, तोंड कॅमेऱ्याकडे ठेवा.”

“मग तिनं सांगायचं, असं चालत नाही म्हणून.”

“आधीच्या बाईनं सांगितलं होतं, उन्मेष. उलट बोलते म्हणून तू तिला काढायला लावलंस.”

“आता पुढे काय?”

“आता उजवी कूस अजिबात टेकवायची नाही, डॉक्टर म्हणाले.”

“डावीकडे तर भिंत आहे.”

“हो. तोंड भिंतीकडेच राहणार.”

“किती दिवस?”

“आहेत तेवढे.”