बिनरोलचा कॅमेरा

हॅलो?… हॅलो, पद्माकाकू? मी साक्षी… व्हय, सांगलीतनं. स्टँडासमोरच्या बूथवरनं बोलतीय. आईला हाक मारता का जरा?… तिथंच बसलीय? द्या, द्या…

आई! अगं घेतला! कॅमेरा घेतला!… न्हाई, तो ठरवलेला रोलचा काळा मोठा न्हाई. दुसरा, डिजिटल… वापरलेलाच. नवा घ्यायची आपली ऐपत हाय व्हय?… रोल लागतच न्हाई ह्याला… न्हाई म्हंजे न्हाई! फोटो फ्लॉपीवर बसतो. कॉम्प्युटरच्या क्लासात ती चपटी चौकोनी असती बघ, तिच्यावर… फसवलं न्हाई गं कुणी… अगं ऐक ना, मीटर पळतंय इथं!

काय?… कोण बसलंय तिथं?… बिराप्पामामा? लेकीच्या लग्नाच्या फोटोंची ऑर्डर मोडायला आलेत?… आणि त्या फोटोवाल्या कृष्णातला देणार? का म्हणून?… तो मोटारसायकलनं सातारला रोल धुवायला पळवणार म्हणं! आणि रातच्याला त्याच्यासाठी लॅब उघडी ठेवणार हाय का कोण?… थांबव त्यास्नी. उठू देऊ नगं. काकूंना म्हणावं, च्या टाका.

आधी तू ऐक. हा धवल म्हणून हळदीचा व्यापारी हाय. त्याच्या मामानं परदेशातनं त्याला कॅमेरा पाठवलेला. पर बहिणीच्या लग्नापासनं सगळे फोटो धुरकट येत्यात, म्हंजे मशीनच गेलं, म्हणून स्वस्तात काढत होता… व्हय, मला म्हायती होतं बिघडलेला हाय! पर काळ्या कॅमेऱ्याचे फोटो चार दिसांनी मिळणार, आणि मामांचा जावई लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पलटणीत निघणार. मग तो घेऊन काय आरती करायची?… म्हणून ह्याच्यावरच डाव लावला. इसार दिला, त्यानं घेतला. आणि मग उजेडात नेऊन भिंगाकडं तिरकं बघितलं. काय असंल?… सांग की… अगं हळद! तेलातली हळद! बहिणीच्या हळदीत पोरींनी ह्याला फासली, आणि ह्यानं तसल्याच बोटांनी भिंग पुसलं!… मला कशी कळली? आजवर दुसरं काय काढलं गं मी? हळदी आणि डोहाळजेवणं. माझ्या कॅमेऱ्याला मी फडकं बांधूनच जाती.

पदरानं कशाला पुसतीय! ओरखडे पडत्यात. शेजारी चष्म्याचं दुकान होतं, तिथनं पुसायचं पाणी आणलं, मऊ फडक्यानं हळूहळू… लख्ख! फोटो असा लख्ख आला म्हणतीस! मागं छोटा पडदा हाय, तिथल्या तिथं दिसतोय.

तेच तर! धवल म्हणाला, आता विकायचा न्हाई. थांब की, सांगतीय. त्याची आजी आतनं आली. म्हणली, "इसार घेतलास न्हवं? मग जीभ फिरवायची न्हाई. पेठेत आजोबाचं नाव हाय." संपलं! मुकाट्यानं दिला. मग पहिला फोटो आजीचाच काढला. तिनं पडद्यावर बघितलं, पदर नीट केला आणि म्हणली, आता परत काढ.

बरं, दे मामांना… दे गं, मी बोलती.

मामा? नमस्कार… आवं, ऐका की. दुपारी अक्षता पडल्या की संध्याकाळच्या आत जावयाच्या हातात फोटो… व्हय, कागदावर. रंगीत. क्लासात छापायचं मशीन हाय, मी बोलून ठेवलंय… बिघडला तर? पडद्यावर बघायचं, डोळे मिटले असले तर परत काढायचा. कृष्णातला तर रोल धुतल्यावर कळतंय, नवरी झोपलीय का जागी हाय…

बाईमाणूस म्हणून?… मामा, हळदीला मी चालती, डोहाळजेवणाला चालती. मग मांडवात माझा काय विटाळ हाय?… न्हाई, चिडत न्हाई. पर एवढं सांगा, लेकीला विचारलं का तुमी?… ती काय म्हणाली?… मीच पायजे म्हणाली? मग!

हं… हं…

काय म्हणालात?… आलं की ऐकू. पर परत म्हणा, मामा. जरा जोरात. आई हाय तिथं, काकू हायत, त्यास्नीबी ऐकू जाऊ द्या…

आई? ऐकलंस?… काय म्हणाले, तू सांग… हां! लग्न साक्षीच काढणार! अगं, आपल्या गावात मांडवात उभी राहून लग्न काढणारी पहिली बाई तुझी लेक!… रडतीस काय, येडे?… आई?… हॅलो? हॅलो?…

दादा, लाईन गेली वाटतं… न्हाई, परत नगं लावू. सांगायचं ते सगळं सांगून झालंय.