भोंग्यानंतरची होडी

नाही, चावी मिळणार नाही. हात पुढे करून उभा राहिलास तर राहा. धरणाच्या दरवाजांच्या बटणांची पेटी माझ्या पाठीशी आहे, चावी मुठीत आहे आणि मी या खुर्चीवरून हलत नाही—उचलून ठेवायचं तर ठेव, वजनाला मी काही कमी नाही. पाऊस रात्रभर कोसळतोय, तलाव काठोकाठ आलाय, ते मला दिसत नाही होय? आमच्या धक्क्याची वरची पायरीसुद्धा सकाळी बुडाली. पाणी सोडायलाच हवं. सोड ना, कोण नको म्हणतंय? आमचे हे तेवढे काठाला लागू देत. ती बघ होडी—आधी काच पूस—तो काळा ठिपका. दरवाजे उघडलेस की तो ठिपका कुठे ओढला जाईल, हे तू मला सांगायचं का मी तुला?

भोंगा दोनदा वाजवलास म्हणतोस. वाजवलास, माझ्या दाढा हलल्या. भोंगा झाला की होड्या काठाला, मग दरवाजे, पाठ आहे मला. पण हे त्याच्या आधीच गेलेले. ती पर्यटकांची पायडलची बोट, बदकाच्या तोंडाची, सुटून तुझ्या दरवाजांकडे निघाली होती. अडकली असती तर बोंबलला कोण असता? तूच. ती ओढून आणतायत. भोंगा ऐकून सोडून द्यायची ना, म्हणतोस—अरे, हट्टी आहेत ते, पहिल्यापासून हट्टी, लग्नातसुद्धा—हट्टी कसले, ऐकू आला तर सोडतील ना!

काय बघतोस? हो, बहिरे आहेत. उजवा कान गेलाच, डाव्याने भांडं पडलं तर कळतं. परवाने देताना तुम्ही सगळ्या नावाड्यांना धक्क्यावर उभं केलंत, भोंगा वाजला की हात वर करा म्हणालात, तेव्हा मागे उभी राहून मी यांच्या पाठीत बोट खुपसलं. सगळ्यांत आधी यांचा हात वर. तुमचे साहेब म्हणाले, आजोबांचे कान तरुणाचे आहेत. मी पण हसले. हसू नको तर काय करू—होडी काढून घेतलीत तर हा माणूस दिवसभर करणार काय, माझ्या तोंडाकडे बघत बसणार?

वाजू दे तो फोन. खालच्या गावाचं मला सांगू नकोस. माझी लेक तिथेच दिलीय, घर नदीला लागून आहे. जितका उशीर तितकं पाणी एकदम सोडावं लागणार, तेही कळतं. इथे यायच्या आधी तिला म्हटलं, पोरांना घेऊन वरच्या शाळेत जा. तिने विचारलं, आई, बाबा कुठायत? मी म्हटलं, जेवतायत. आता यातलं कुणाला कमी धरू, तूच सांग—नको, नको सांगूस.

आणि ती चादर सोडू नकोस कठड्यावरची. लाल चादर लावली की हे परत येतात, इतकी वर्षं तसंच चाललंय. पण परतताना वल्हवणाऱ्याची पाठ धक्क्याकडे, तोंड तुझ्या धरणाकडे. मग धक्क्यावर लावून कोणाला दाखवू? म्हणून धावत इथवर आले. तुला काय वाटलं, वाळत घातलीय? पावसात?

थांब. वल्ही थांबली. उठले ते, उभे राहिले—अहो, उभे काय राहताय—सोडला दोर. सोडलं बदक. आता बघ कशी पडतायत वल्ही. ओढा. ओढा हो. सत्तरीचे झालात म्हणून काय झालं, ओढा...

गेले धक्क्याच्या आड. लागली होडी.

घे चावी. उठले मी, ही तुझी खुर्ची. यांचा होडीचा परवाना आमच्या खोलीत खिळ्याला टांगलाय, उद्या येऊन ने. पण त्यांना काय सांगायचं ते तू सांग, डाव्या बाजूने, मोठ्यांदा. मी नाही सांगणार. माझ्याकडे काय बघतोस? दाब बटण.