ओंडकास्वामींचा अंगारा

मंडळी, पूर्वरंग झाला. टाळ जरा खाली ठेवा, पाय मोकळे करा, आणि मला एवढंच सांगा – घरात पांढरं पीठ भुरभुरायला लागलं, तर तो देवाचा अंगारा की किड्याचा भुसा, हे ओळखायचं कसं? काय? सोपं आहे म्हणता? हो ना, दुसऱ्याच्या घरात सोपंच असतं! आपल्या घरात पडला की अंगारा, शेजाऱ्याच्या घरात पडला की भुसा! हसा, हसा. आता ऐका.

तळकोकणात कातारवाडी नावाचं गाव. नकाशात शोधू नका, नकाशावाल्याला तिथली चढण चढवली नाही. त्या गावात कातारी राहायचे – लाकूड चरकावर चढवून गरगर फिरवायचं आणि पटाशी लावून त्याला आकार द्यायचा, हे त्यांचं काम. लाटणी, भोवरे, पाळण्याचे दांडे, काय वाटेल ते! त्यांत रवळू कातारी म्हणजे सगळ्यांचा मुकुटमणी. त्यानं कातलेला भोवरा, मंडळी, दसऱ्याला सोडला तर दिवाळीला थांबायचा! खोटं वाटतं? मग थांबवून दाखवा!

आता गावची रीत बघा किती गोड. रामनवमीला रामराय नव्या पाळण्यात झुलायचे. आणि उत्सव झाला, की तो पाळणा जायचा गावातल्या गरोदर लेकीच्या घरी. म्हणजे आधी देव निजणार, मग माणूस! आणि त्या साली पाळणा कुणाच्या घरी जायचा ठरला? रवळूच्याच! त्याची कुसुम पहिलटकरीण, माहेरी आलेली. बापानं पाळणा कातायचा, त्यात राम झुलायचा, मग नातू झुलायचा! अहो, माणसाला आणखी काय हवं?

पण माणूस म्हटला की आळस आला. रवळूनं पाळण्यासाठी शिवणीचं झाड तोडलं, ओंडके मांगरात आणून रचले. मांगर म्हणजे घराशेजारची छपरी. आणि साल? साल काढलीच नाही. बायको द्रुपदा म्हणाली, "सालीसकट ठेवू नकात. जमिनीर ठेवू नकात. ओल धरतली."

रवळू म्हणाला, "फाल्या काढतंय गो."

फाल्या म्हणजे उद्या. मंडळी, हा 'उद्या' म्हणजे फार मोठा पाहुणा. येतो म्हणतो, येत कधीच नाही! आणि त्याच्या जागी भलतेच पाहुणे येऊन बसतात. सालीखाली ओल, आत गोड लाकूड – किड्यांना सोयरीक जुळल्यासारखं झालं! मामा, मावशी, आत्या, आत्याची नणंद, सगळं गोत आलं!

एक दिवस सकाळी सगळ्यात मोठ्या ओंडक्याखाली पांढऱ्या पिठाची रांगोळी. इतकं बारीक, की वस्त्रगाळ! त्याच वेळी कोण यावं? गावकर. गावचे मानकरी, देहानं भक्कम. चालायला लागले की रस्ता बाजूला व्हायचा. ते आले पाळण्याची चौकशी करायला. पीठ बघितलं, चिमटीत घेतलं, आणि ओंडक्याला कान लावला.

आतून आवाज आला – कुर्रर्र... कुर्रर्र...

गावकरांचे डोळे विस्फारले. "रवळू! ओंडको 'राम राम' म्हणता रे!"

मंडळी, एक गोष्ट सांगायची राहिली. गावकर एका कानानं ठार बहिरे होते. आणि ओंडक्याला त्यांनी तोच कान लावला होता!

त्यांनी ते पीठ कपाळाला फासलं, आणि रवळूच्या पायांना हात लावला.

इथं थांबू या. रवळूला कळलं नव्हतं का? अहो, जन्म लाकडात गेला त्याचा! ते पीठ कसलं, हे त्यानं बघताक्षणी ओळखलं होतं. तोंड उघडलंसुद्धा सांगायला! पण मंडळी, कातारी माणूस. दिवसभर भुशात बसणारा. त्याच्या पायांना आजवर कुणी हात लावला होता? पायांना हात लागला, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्या क्षणी ओंडक्यातला किडा ओंडक्यात राहिला नाही हो – तो रवळूत शिरला!

झालं! मांगरात समई लागली. ओंडक्याला हार. नाव पडलं 'ओंडकास्वामी'! कुणाची म्हैस आटली, लावा अंगारा. कुणाची सासू बोलायची थांबेना, लावा अंगारा. सासू थांबली नाही, पण सुनेला धीर आला! रवळू भगवी टोपी घालून मध्ये बसलेला, चरकाकडे फिरकत नाही. त्यानं पाळण्याचे दांडे आधीच कातून, लाखेचा लाल-पिवळा रंग देऊन ठेवले होते. एकच दांडा उरला होता.

द्रुपदा रोज झाडायची, रोज पीठ. आता तर शेजारच्या ओंडक्यांखालीही! ती म्हणाली, "अहो, अंगारो देणाऱ्या लाकडाक भोकां कित्याक पडतत?"

"गप रव गो. लोक ऐकतीत."

"लोक ऐकतीत म्हणान तर सांगतंय!"

रवळूनं टोपी सारखी केली आणि तोंड फिरवलं. पण रात्री अंथरुणावर पडला की त्याला ऐकू यायचं – कुर्रर्र... एक नाही, दहा नाही, अख्खा मांगर भजनाला बसलाय! त्याला वाटायचं, हा आवाज मांगरातून येतो, की माझ्याच बरगड्यांतून?

आणि मग एक दिवस कुसुम मांगरात आली. पोटावर हात ठेवून, हळूहळू. बापासमोर ओंजळ धरली. "बाबा, माका पण द्या चिमूटभर. पोटातल्याक बरां."

मंडळी! गावाला मूठमूठ वाटलं होतं. लेकीला चिमूटभर देववेना. पीठ बोटांतून निसटलं. रवळू उठला, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "दुरपदे, दोरी धर. दांडो कातूक व्हयो."

चरकाची दोरी द्रुपदाच ओढायची. तिनं ओढली, लाकूड फिरलं, रवळूनं पटाशी टेकवली – आणि फस्सकन्! दांडा फुटला, पिठाचा ढग उडाला, नवरा-बायको दोघंही पांढरे! आतून लाकूड म्हणजे नुसतं पीठ हो! त्यानं धावत जाऊन रंगवलेला दांडा उचलला, बोटानं ठोकला. डब् डब्. दुसरा ठोकला. डब् डब्. वरून लाख चकचकीत, आतून पोकळ! गुडघ्यावर ठेवून नुसतं दाबलं, कटकन् दोन तुकडे!

तो तुकडे हातात घेऊन खाली बसला. "ह्येच्यात माझो नातू निजतलो होतो," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात बाहेर ढोल! काय झालं? अहो, गावकर पालखी घेऊन आले! ओंडकास्वामींना वाजतगाजत देवळात नेऊन, रामाच्या शेजारी बसवायचं ठरलं होतं. गुलाल, अबीर, फुलं – आणि रवळू दारात उभा. एका हातात करवत. मंडळी, तुम्ही असता तर काय केलं असतं? ओंडका पालखीत गेला की ब्याद जाते, मान राहतो, कुणाला काही कळत नाही! सांगा ना! आता का सगळे खाली बघता?

रवळू म्हणाला, "थांबा! स्वामींचा दर्शन आदी मांगरातच घेवा!" आणि करवत चालवली. खर्र, खर्र! गावकर ओरडले, "रे, पाप लागतला!" ओंडका दुभंगला, आणि आतून काय बाहेर आलं? अंगठ्याएवढी जाड, पांढरीफेक, लठ्ठ भिरूड! लाकूड पोखरणारी अळी हो! आली ती डुलत डुलत, आणि थेट गावकरांच्या पायाशी लोळली. जणू तीच नमस्कार करत होती!

"हे तुमचे स्वामी," रवळू म्हणाला. "माका पहिल्या दिवशीच ठावक होता. पाय धरलास, म्हणान गप रवलंय. चूक माझी."

ढोल बंद. गावकरांनी कपाळ चाचपलं. "म्हणजे... आमी कपाळाक लावला, ता काय होता?"

दारातून द्रुपदा म्हणाली, "किड्याचा शेण, गावकरांनू! दुसरा काय?"

आधी एक म्हातारी हसली. मग ढोलवाला. मग पालखीचे भोई असे हसले, की पालखी टेकवावी लागली! आणि शेवटी गावकर स्वतः, पोट धरून!

पण हसून पाळणा होतो का? नवमी जवळ आलेली, नवं झाड तोडलं तर वाळणार कधी? खालचे काही ओंडके अजून धड होते, पण किडा त्यांच्याही सालीत शिरलेला. रवळूनं डोकं धरलं. तेव्हा द्रुपदा म्हणाली, "साध्या तांदळाक टोको लागता. उकड्याक लागता काय?" टोको म्हणजे धान्यातला किडा, आणि उकडा म्हणजे उकडून वाळवलेल्या भाताचा तांदूळ.

"लाकूड काय भात आसा गो?"

"किडो तरी किडोच ना! मेल्याक उकडल्यार तो काय भजन म्हणतलो?"

जय हो माउलीची! गावात घरोघरी भात उकडायची तांब्याची तपेली. सगळी आली! चुली पेटल्या, साली सोलल्या, लाकडाचे तुकडे उकळत्या पाण्यात! किडे असे तरंगले, की पाणी दिसेना. गावातल्या कोंबड्यांनी एवढे खाल्ले, की पुढं महिनाभर त्या उकडलेलीच अंडी घालत होत्या! खरं सांगतो! आणि गंमत बघा, उकडलेलं लाकूड सावलीत भराभर वाळलंही. टोकांना कोकमतेल चोपडलं, तडा गेला नाही. द्रुपदा दोरी ओढते, रवळू काततो, आणि पटाशीखालून लाकडाची लांबलचक रेशमी फीत सुटते. पीठ नाही हो – फीत!

रामनवमीचा दिवस. पाळणा टांगला. सगळ्यांना वाटलं, आता मूर्ती ठेवणार. रवळू म्हणाला, "आदी गावकरांनी लोंबकळूचा."

"मी?"

"देव हलको, गावकरांनू. तुमी पेललात तर नातू पेलतलो."

गावकरांनी धोतर खोचलं, रामाचं नाव घेतलं, आणि पाळण्याच्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. गावानं श्वास धरला. देवळाची तुळई करकरली, पाळणा नाही! काय तो जल्लोष! माध्यान्ह झाली, शंख फुंकला, गुलाल उडाला, राम झुलले. पुढं कुसुमला मुलगी झाली – नातू म्हणत होता, नात आली, आणि रवळूनं आनंदानं अख्ख्या गावाला भोवरे वाटले!

त्या पाळण्यात नात निजली, तेव्हा रवळूनं दांड्याला कान लावला. आत आवाज नव्हता. काहीच नव्हतं. आणि त्या गप्प लाकडात, मंडळी, त्याला पहिल्यांदा खरा राम ऐकू आला.

तर आता तुमची पाळी! कुणी तुमच्या पायांना हात लावला, आणि जे सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं, असं झालंय की नाही? त्याच दिवशी साल सोला. उद्यावर टाकू नका. किडा लहान असतो, तोवरच त्याला लाज वाटते; लठ्ठ झाला की तो पालखी मागतो!

चला, उठा, बुक्का लावून घ्या. आणि घाबरू नका हो – काळा आहे!