आईची तपासणी

मैत्रिणींनो, माझ्या आईला तुम्ही सगळ्या धीट समजता, म्हणून हे सांगते.

आई वृद्धाश्रमात नर्स आहे. तिथे नवीन राहायला येणाऱ्यांना तपासून फॉर्म भरायचा तर नर्सिंगचा मोठा कोर्स लागतो. आईने तो यंदाच पूर्ण केला. गेल्या रविवारी तिला पहिला फॉर्म मिळाला. तो चुकला असता तर पुन्हा आधीसारख्या नुसत्या गोळ्या वाटाव्या लागल्या असत्या.

समोर आल्या वालूरच्या सोनाआजी. त्यांनी गावात जन्मभर बाळंतपणं केलेली. आईने पेन उघडलं, तशा त्या म्हणाल्या, "तू काय शिकलीस, बाई?"

आईने घाईघाईने प्रमाणपत्र पुढे केलं.

"ते राहू दे. हात दे."

आईने हात दिला. आजींनी तिची नाडी धरली. "लय पळायलीय. सकाळी काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"निस्ता चहा? आन् रातच्याला झोप?"

"नाही लागली, आजी."

आईबरोबर आलेली मी कोपऱ्यात बसले होते. भरती कोण होतंय, तेच मला कळेना.

आजींनी पिशवीतलं धपाटं काढून आईच्या हातावर ठेवलं. आईने ते खाल्लं. मग तिने सावकाश सगळा फॉर्म भरला.

मोठ्या सिस्टरांनी तो दोनदा वाचला. एकही चूक निघाली नाही. त्यांनी आजींना विचारलं, "आमच्या नर्सबाईंनी नीट तपासलं ना?"

"तिनं मला तपासलं, मी तिला तपासलं," आजी म्हणाल्या. "चांगली हाय. ठेवून घ्या."